परत येणाऱ्याचे कागद

ठाणे

ती. काकांस,


पत्र मिळालं. ‘माझ्या पेन्शनवर युरोप बघायला निघालोय, यांना माझं पासबुक कशाला हवं?’ तुमचा राग रास्त आहे. तिकडच्या पर्यटकाला आपल्याकडे यायला घरबसल्या ई-व्हिसा मिळतो. तुम्हाला मात्र बोटांचे ठसे द्यायला कराडहून यावं लागणार. पण व्हिसा देणाऱ्याच्या बाजूने जरा बघा. तुम्ही खर्च भागवाल की नाही हे तो तपासतोच, पण त्याची खरी शंका वेगळीच असते: हा गृहस्थ मुदतीत घरी परतेल ना? कागद गोळा करताना हाच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा.

म्हणून खात्यात उसने पाच लाख भरून ठेवायचा शेजाऱ्यांचा सल्ला ऐकू नका. दरमहा जमा होणारी पेन्शन, वीजबिल, काकूच्या औषधांचे पैसे अशा नोंदींतून तुमचा संसार दिसतो. ऐनवेळी आलेली मोठी रक्कम उलट संशय वाढवते. आयटी रिटर्न आणि सातबाराही जोडा, पण उताऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घ्या.

पॅरिसला उतरताय म्हणून अर्ज फ्रान्सकडे करायचा नाही. पॅरिसला दोन, इटलीत तीन आणि स्वित्झर्लंडमध्ये पाच रात्री, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखेच असते, तर पहिला देश धरला असता. शेंगेन व्हिसा 29 देशांत चालतो, पण काकूचं लंडन त्यात नाही. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागेल. शिवाय मधेच लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. नाहीतर परतीचं विमान पॅरिसला आणि तुम्ही लंडनला अडकाल!

पासपोर्ट 10 वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान 3 महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला लागतो. प्रवासविमा निदान 30,000 युरोंचा. फी माणशी 90 युरो. व्हिसा नाकारला तरी ती बुडतेच. नकाराचं कारण मात्र लेखी मिळतं आणि अपील करता येतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा दिवाळीनंतर बघू असं म्हणू नका.

फाइल लावून झाली की आधी मला दाखवा. काकूला नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. विमानाचं नुसतं आरक्षण जोडलं तरी चालतं. व्हिसा हातात पडेपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका.