चिनी कानवले

आमच्या घरात मोमो पहिल्यांदा आले ते पिशवीतून, आणि तेही पार लगदा होऊन. कॉलेजच्या फाटकाजवळ एक गाडी लागते. तिथे मित्रांबरोबर मी एक प्लेट खाल्ली आणि घरी जाऊन ताईला मोठ्या ऐटीत सांगितले. तिने सहज विचारले, "लागते कसे?" मला काही सांगता येईना. पुढच्या शनिवारी तिच्यासाठी एक प्लेट बांधून घेतली. एस.टी.त उभ्याने आलो, पिशवी गर्दीत चेंगरली. घरी उघडून पाहतो तो सगळ्यांचा मिळून एकच गोळा! ताईने त्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला व म्हणाली, "चांगले आहे की." ती माझे मन राखत होती, हे मला कळले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ताईला दहावीत माझ्यापेक्षा जास्त गुण होते. पण दोघांना पुढे शिकवणे बाबांना झेपणारे नव्हते, आणि मायला घरात व रानात हात हवा होता. तेव्हा मी आठवीत होतो. त्याबद्दल घरात पुन्हा कोणी अवाक्षर काढले नाही, मीही नाही. आता तर दिवाळीनंतर तिचे लग्न ठरले होते. म्हणून नागपंचमीनंतरच्या रविवारी मी मैदा, कोबी आणि आले घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. चहापलीकडे माझी मजल कधी गेलेली नव्हती.

कृती मोबाईलवर पाहिली होती. गाडीवरचे मोमो मुळात तिबेट-नेपाळकडचे. त्यांचा चिनी भाऊ म्हणजे ज्याओत्झ. उत्तर चीन हा आपल्यासारखाच गव्हाचा मुलूख. तिथे नववर्षाच्या आदल्या रात्री सारे घर एकत्र बसून ते करते. मी मात्र एकटाच करायला बसलो आणि फजीत पावलो. कोबी चिरून मीठ घातले, त्याला पाणी सुटले, ते तसेच सारणात राहिले. पाऱ्या सगळीकडे सारख्याच जाड. चाळणीला तेल लावायचे विसरलो. पातेल्यावरचे झाकण उचलले तेव्हा निम्मे फुटले होते आणि निम्मे चाळणीला चिकटून बसले होते. मैदा अर्धा संपला होता.

माय दारातून म्हणाली, "कामून रे, कोबी पिळून नाही का घ्यायचा?" ताई काही बोलली नाही. हात धुऊन पोळपाटाशी बसली. तिने पारी मध्ये जाड आणि कडेला पातळ लाटली. सारण भरले आणि चिमटीने कडेला अशी मुरड घातली की मी पाहतच राहिलो. चाळणीवर अंथरायला परसातली हळदीची पाने आणली. आमच्या वसमतकडे हळद पुष्कळ. श्रावणात तिची पाने चांगली रुंद झालेली असतात. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून पुरणाचे दिंड उकडतात. चारच दिवसांपूर्वी तिने ते केले होते. मी मोबाईलमध्ये डोके घालून जे शोधत होतो ते शेजारच्या पाटावर बसले होते!

"हा तर कानवला," ती म्हणाली.

मग मी तिला वाचलेली आख्यायिका सांगितली. हान राजवटीत चांग चोंगचिंग नावाचा एक वैद्य होता. थंडीने गोरगरिबांचे कान सडू लागले, तेव्हा त्याने मटण आणि औषधी पाला कणकेत भरून कानाच्या आकाराचे हे पदार्थ उकडून वाटले. ताईने हातातला कानवला कानाशी धरला आणि खूप हसली. चीनचा विषय निघाला तसे मी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दलही सांगितले: १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, १९४१ मध्ये तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले.

"मग ती सून सासरी आली तेव्हा हे केले असेल का तिने?"

"कोटणीस परत आलेच नाहीत, ताई. १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. मुलगा चार महिन्यांचाही नव्हता."

ती बराच वेळ मुरडच घालत राहिली. मला ते तेव्हा सांगायला नको होते.

दुसरा घाणा उतरला तो पानावरून अलगद सुटला. हळदीचा वास साऱ्या घरात. बाबांनी चार खाल्ले आणि 'यात पुरण का नाही?' असे विचारले. ताईने पहिला फोडला, फुंकर घातली, खाल्ला. या वेळी "चांगले आहे" म्हणाली नाही, दुसरा उचलला.

लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा कळले की सासरी तिने ते करून घातले होते. हळदीची पाने नव्हती, चाळणीला तेल लावून भागवले. सासूबाईंनी विचारले, हे काय? ही म्हणाली, कानवले. त्या म्हणाल्या, मीठ कमी पडले आहे.