निर्वंश

आमच्या देवघराच्या फडताळांत एक वंशावळ जपून ठेवलेली आहे. आजोबांनीं ती मोडींतून बाळबोधींत उतरविली. मूळ पुरुषापासून खालीं येतां येतां आमच्या पणजोबांच्या पिढीपाशीं दृष्टि थबकते. तिघां भावांपैकीं थोरल्या दोघांचा विस्तार पानभर पसरला आहे. धाकट्यांच्या नांवाखालीं मात्र एकच शब्द आहे : ‘निर्वंश’. पक्षपंधरवड्यांत वंशावळ वाचली जाई, तेव्हां या शब्दापाशीं वाचणाराचा आवाज नकळत खालीं येई.

मासवणच्या घराचे जुने कागद लावतांना ही तुटलेली फांदी पाहावी असें मनांत आलें. आमचें गांव सूर्या नदीच्या कांठीं. हा मुलूख २०१४ सालीं पालघर जिल्ह्यांत आला, पूर्वीं तो ठाणें जिल्ह्यांत होता, आणि तालुक्याचें जुनें नांव माहीम. हें माहीम केळव्याशेजारचें. जुन्या दस्तांवरील नांव वाचून मुंबईच्या माहिमाकडे धांवणारा फसतो.

१९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी आली. तेव्हांपासूनचे फेरफार चाळतां धाकटे पणजोबा मयत झाल्याची नोंद मिळाली. वारस म्हणून दोघे भाऊ. पत्नीचा उल्लेखहि नाहीं. लिहिणारानें खोटें लिहिलें नव्हतें. एकत्र कुटुंबांतील विधवेला तेव्हां अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. तिला पतीच्या हिश्श्यांत मर्यादित हक्क देणारा कायदा १९३७ सालचा.

पुढें नाशिकास जाण्याचा योग आला. तीर्थोपाध्यायांनीं आमच्या घराण्याची वही काढली. तींत त्याच बाई पतीच्या अस्थि घेऊन दिरासह आल्याची नोंद होती, आणि त्यांच्यामागें एक नांव अधिक होतें : मुलीचें ! बऱ्याच वर्षांनंतरच्या एका पानावर डहाणूच्या एका गृहस्थांनीं आपलें आजोळ म्हणून आमचेंच घराणें लिहविलें होतें. ते त्या मुलीचे चिरंजीव.

श्राद्धांत पितृत्रयीबरोबर मातामहत्रयीचाहि उच्चार होतो. म्हणजे ज्यांना आम्हीं निर्वंश म्हटलें, त्यांना नांवगोत्रासह पिंड मिळतच होता. देणारा हात मात्र आमच्या कागदांत कोठेंच नव्हता.

मीं डहाणूस पत्र धाडलें. त्या गृहस्थांच्या मुलानें उत्तर लिहिलें : “वडील अगदीं लहान वयापासून आजेपाडव्यास मातामहांना तिलांजलि देत. आजी मासवणची, एवढें आम्ही ऐकून होतों. तेथें आपलें कोणी आहे, हें मात्र तिनें कधीं सांगितलें नाहीं.”

हें शेवटचें वाक्य मीं घरांत मोठ्यानें वाचलें, तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या हिश्श्याच्या वाडीचे नारळ चार पिढ्या आम्हीं खाल्ले आहेत. माहेरीं आपलें कोणी आहे असें त्या मुलीला कां वाटलें नसावें, हें विचारण्यास आतां फार उशीर झाला आहे. काकांनीं एवढेंच म्हटलें, “वंश म्हणजे पुरुषसंतति, अशी जुनी रीत.” पण वंशावळ पुढें ओढून लेखणी हातीं घेतली ती त्यांनींच.

जुना शब्द आम्हीं खोडला नाहीं. त्याच्याखालीं मुलीचें नांव लिहून फांदी पुढें नेली. गेल्या दिवाळींत डहाणूची मंडळी मासवणास येऊन गेली. आपल्याहि वंशावळींत असा शब्द असेल, तर त्या घरांत मुलगी होती कीं काय, एवढें एकदां अवश्य पाहावें.