भागवलेले काम

मराठी भाषेत ‘भागवणे’ हे एक फार गुणी क्रियापद आहे. तहान भागते, भूक भागते, महिन्याचा खर्च भागतो. आणि हवे ते हाताशी नसले म्हणजे आहे त्यावर मनुष्य काम भागवतो. आमच्यासारख्या मध्यम स्थितीतील कुटुंबांचे निम्मे आयुष्य ह्या एका क्रियापदावर चालते, असे म्हणावयास हरकत नाही. चष्म्याच्या दांडीस दोरा बांधावा, छत्रीच्या काडीस तार गुंडाळावी, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवावी, आणि वर आपल्या चातुर्याचे कौतुकही करून घ्यावे, ही आमची कुलपरंपरा. तिला नावे ठेवण्याचा आमचा मानस नाही. परंतु तिला एक मर्यादा आहे, आणि ती नेमकी कोठे पडते, हे आम्हांस एका जुन्या ट्रॅक्टरच्या गळक्या नळीने दाखवून दिले.

शिरोळ तालुक्यात आमची थोडी वडिलोपार्जित शेती आहे व ती आमचे धाकटे बंधू पाहतात. त्यांचा ट्रॅक्टर 2004 सालचा असून त्याचे स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालते. साध्या स्टिअरिंगमध्ये चालकाच्या हातातील चाकापासून पुढच्या चाकांपर्यंत दांडे व दाते यांची अखंड लोखंडी साखळी असते. ह्या स्टिअरिंगमध्ये ती नसते. इंजिनावर चालणारा पंप तेल दाबाखाली पुढे ढकलतो. चालक चाक फिरवील त्या मानाने एक नियामक यंत्र ते तेल मोजून डाव्या किंवा उजव्या नळीत सोडते. त्या तेलाने पुढच्या आसाजवळील सिलिंडरातला दट्ट्या सरकतो आणि चाके वळतात. इंजिन बंद पडले तरी अंगचा जोर लावून चाक फिरवता येते, कारण अशा वेळी ते यंत्र हातपंपासारखे काम देते. पण सिलिंडराकडे जाणारी नळीच फुटली, तर चालक आणि चाके यांच्यामध्ये कसलेच नाते उरत नाही.

गळतीचे हे संकट ह्या विद्येच्या जन्मापासूनच तिच्या पाठीस लागलेले आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हे तत्त्व पास्काल याने सतराव्या शतकात मांडले. त्याचा ह्या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली, प्रसिद्ध झाला. त्या तत्त्वावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामा याने इंग्लंडात घेतले ते 1795 साली. दट्ट्याच्या कडेने पाणी निसटू लागले की यंत्रात दाब म्हणून राहीना. अखेर चामड्याची वाटीसारखी कडी बसवावी, म्हणजे आतला दाबच तिला फाकवून फट घट्ट मिटवील, अशी युक्ती निघाली. तिचे श्रेय सामान्यतः ब्रामाच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ली यास देतात. महाविद्यालयात पास्कालचे नाव सर्वांस ठाऊक असते. त्या चामड्याच्या कडीची आठवण मात्र कारखान्यांतच राहते.

दोन वर्षांपूर्वी गळीत हंगाम अगदी भरात असताना बंधूंच्या ट्रॅक्टरखाली तेलाचा डाग दिसला. तोडीची पाळी आलेली, टोळी फडात उतरलेली, दोन ट्रॉल्या निम्म्याहून अधिक भरलेल्या! तोडलेला ऊस पडून राहिला म्हणजे वजनास व साखरेस दिवसागणिक उतरतो, हे ज्याने ऊस लावला आहे त्यास सांगावयास नको. बंधूंनी सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि तार आणून ठेवली होती. एवढी एक खेप निघावी, मग सवडीने पाहू, असा त्यांचा विचार होता. गळती कोठे आहे हे पाहण्याकरिता ते चालू इंजिनाशी वाकून नळीवरून हात फिरवणार, तोच गावातले मिस्त्री ओरडले आणि त्यांनी त्यांचे मनगट धरून मागे ओढले. ह्या नळीत वातावरणाच्या शंभरपटीहूनही अधिक दाब चढू शकतो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निसटलेली धार कातडीतून थेट आत शिरते; वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, आणि त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हातही गमावण्याची पाळी येते. मिस्त्रींनी खोक्याचा पुठ्ठा लांबूनच नळीसमोर धरला. त्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. मग त्यांनी इंजिन बंद करावयास लावले.

बंधूंनी ट्यूबची पट्टी पुढे केली. मिस्त्री म्हणाले, “बांधून द्यायला काय, दोन मिंटांचं काम हाय, मालक. पर ट्रॉल्या भरून पुलावर चढताना फुटली, तर तुमच्या हातात नुसतं गोल चाक ऱ्हातंय. फुडच्या चाकांचा आन् त्याचा मग काय संबंध?”

त्या पुलावरून संध्याकाळी शाळेची मुले सायकलींवरून घरी येतात. बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी पट्टी खिशात घातली.

पुढचे काम दीड दिवस चालले. इंजिन बंद ठेवून चाक दोन्ही अंगांस फिरवले, म्हणजे उरलेला दाब उतरला. सांधे डिझेलने धुऊन काढले, कारण धुळीचा कणही आत गेला तर नियामक यंत्रास चरे पडतात. एका पान्याने सांधा धरून दुसऱ्याने नट सैल केला व उघड्या तोंडांवर बुचे बसवली. जुनी नळी घेऊन बंधू सांगलीस गेले. नळीच्या पोटात कृत्रिम रबर, त्यावर पोलादी तारांची वीण आणि वर पुन्हा रबर, अशी तिची रचना असते. टोकांच्या टोप्या यंत्राने आवळून बसवाव्या लागतात, त्या हाताने बसत नाहीत. नवी नळी पीळ न पडेल अशी आणि किंचित सैल बसवली, कारण दाबाखाली तिची लांबी थोडी बदलते. तांब्याच्या वायसर नव्या घातल्या. मग पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन मंद ठेवून, स्टिअरिंग ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवीत राहिले, तोवर टाकीतील तेलाचा फेस मोडला व आतली हवा निघून गेली.

हे मिस्त्री भागवण्याच्या विरुद्ध असावेत, असा आमचा ग्रह होत चालला होता. परंतु टाकीकडे परत जाणारी नळी तोंडाशी चिरलेली आढळली, तेव्हा त्यांनी तिचे टोक बोटभर कापले, नवी पट्टी आवळली आणि ती तशीच पुन्हा बसवली! परतीच्या वाटेवर दाब थोडा असतो. हंगाम निघेल, पण उन्हाळ्यात बदला, असे त्यांनी बजावले. कोणत्या नळीवर दाब येतो आणि कोणतीवर येत नाही, हे ओळखून त्यांनी एकीस नकार दिला होता व दुसरीस मुभा. संसारातही काही नळ्या दाबाच्या असतात. दुखणेकऱ्याचे औषध, मुलीचे शिक्षण, दिलेला शब्द, ह्यांना ट्यूबची पट्टी चालत नाही. पडद्याचे कापड आणि पाहुण्यांच्या कपबशा ह्यांना ती खुशाल चालावी.

मात्र एक गोष्ट आमच्या ह्या सोयीच्या विभागणीत बसेना. नवी नळी बसवण्यापूर्वी मिस्त्रींनी जुनी कोठे झिजली ते पाहिले. आसाजवळच्या पत्र्याच्या धारेवर ती घासली जात होती. तेथे तिला जागच्या जागी धरणारी लोखंडी पकड कधी काळी तुटली होती व कोणी तरी त्या जागी सुतळी बांधली होती. ती कुजून गळून पडली होती, तिचे दोन धागे तेवढे राहिले होते. पकडीवर तेलाचा दाब नसतो, तेव्हा सुतळीने भागवण्यात वावगे असे काही नव्हते. पण ती कोणी बांधली, केव्हा बांधली, हे घरात कोणालाच सांगता येईना. भागवलेले काम हे कर्जासारखे असते. ते काढावे लागते. फक्त त्याची नोंद राहिली पाहिजे, कारण आपण विसरलो तरी त्याचे व्याज चढतच राहते.

तिसऱ्या दिवशी ऊस कारखान्यावर गेला व वजनात उतरलेला भरला. ती घट बंधूंनी वहीत मांडली, नळीचे व मिस्त्रींच्या मजुरीचे पैसे मांडले, आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहिली: ‘परतीची नळी तात्पुरती. मेमध्ये बदलणे.’ मे महिन्यात ती बदलली.