बघून उचलावं

दशलक्षणाच्या आधी आमच्याकडं फडताळ आवरायची पद्धत. पावसाळ्यात पिठात, रव्यात अळ्या पडतात. म्हणून एकेक डबा खाली काढायचा, उघडायचा, चाळायचा, पुसून परत जागेवर ठेवायचा. आईचा एकच नियम होता. बघून उचलायचं, बघून ठेवायचं. न उघडता डबा नुसता उन्हात ठेवलेला तिला चालायचा नाही. आत जीव असला तर?

त्या वर्षी फडताळ झालं आणि खोचलेला पदर तसाच ठेवून मी टॅब आवरायला बसले.

टॅब 32 जीबीचा, लेकानं घेऊन दिलेला. सिम त्यातच, व्हॉट्सअॅपही त्यातच. दोन दिवस तो ‘जागा संपली’ म्हणून कुरकुरत होता. फोटो निघेना, काही उतरून घेता येईना. लेक पुण्यात, कामाच्या गडबडीत. त्याला कशाला त्रास? एवढा संसार आवरला, हा वीतभर टॅब काय आवरत नाही!

फायली दाखवणारं अॅप उघडलं आणि बघतच राहिले. अलार्म्स, पॉडकास्ट्स, रिंगटोन्स, मूव्हीज. मी यातलं काही केलेलंच नव्हतं. उघडले, तर रिकामे. पुसून टाकले. संध्याकाळी बघते तर त्यातले दोन परत हजर! घरमालकानं भिंतीत करून दिलेल्या कोनाड्यांसारखे ते असतात, आपण काही ठेवा न ठेवा. त्यांनी जागाही अडवलेली नसते.

डीसीआयएम हे मला कुठल्या तरी कंपनीचं नाव वाटलं. नशीब, उघडून बघितलं. आत नातवाच्या वाढदिवसाचे फोटो. डिजिटल कॅमेरा इमेजेस, असा त्याचा अर्थ. मेमरी कार्डावर लॉस्ट डॉट डीआयआर नावाचा एक होता. कार्ड मध्येच उपसलं, बॅटरी अचानक गेली, की अर्धवट राहिलेले तुकडे गोळा करून त्यात टाकतात. ठिपक्यानं सुरू होणारा थंबनेल्स म्हणजे फोटोंच्या चिमुकल्या नकला, पुसल्या तरी टॅब पुन्हा काढतो. अँड्रॉइड नावाच्या फोल्डरात डेटा, ओबीबी, मीडिया असे तीन. डेटामध्ये तर मला पाऊलच ठेवू दिलं नाही. हे सगळं आज सांगतेय. त्या दिवशी मला यातलं अक्षर कळत नव्हतं.

मीडियातून आत, आणखी आत गेले. व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्समध्ये नुसत्या आकड्यांचे फोल्डर. 202115, 202116, 202117. एकाखाली एक, संपता संपेनात. आतल्या फायलींची नावं पीटीटीनं सुरू होणारी, पुढं आकड्यांची माळ. फोटो नाही, अक्षर नाही. म्हटलं, मशीनचा कचरा. सगळे निवडले आणि पुसले. जागा किती मिळाली? अर्धा जीबीसुद्धा नाही.

रात्री जेवणं झाल्यावर सवयीनं अक्काचं व्हॉट्सअॅप उघडलं.

अक्का माझी थोरली बहीण, निपाणीला होती. तिला टाइप करायला जमायचं नाही. म्हणून रोज सकाळी बोलूनच पाठवायची. दूध उतू गेलं, बस्तीत कोण भेटलं, गुडघा कसा आहे. ती गेल्यावर महिन्यातून एखादा निरोप मी ऐकायची. त्या रात्री बोट लावलं, तर फाइल सापडत नाही म्हणे. दुसऱ्याला लावलं, तेच. तारीख आहे, एक मिनिट बेचाळीस सेकंद हा आकडाही आहे. आवाज नाही. डबा जागेवर, आत काही नाही.

अक्काच्या लेकीला फोन केला. आधी मला रडूच आवरेना.

“मावशी, कचरापेटीत बघ की. काही अॅपांत तीस दिवस राहतं.”

माझ्या अॅपानं थेट पुसलं होतं.

“बॅकअप?”

जागा खातोय म्हणून तो मीच बंद केला होता.

“अगं, 202115 म्हणजे 2021 सालचा पंधरावा आठवडा. पीटीटीच्या पुढं तारीख असते. तुला ती तारीखपण वाचता आली नाही काय?”

आली असती. वाचलीच नाही. मला कळत नाही म्हणजे ते निरुपयोगी, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

घरच्या ग्रुपवर अक्कानं पाठवलेले निरोप भाचीच्या फोनमध्ये होते. तिनं रात्रीच बसून 23 पाठवले. पण अक्का फक्त माझ्याशी जे बोलली, आईच्या दुखण्याच्या दिवसांत, शेताच्या वाटणीवरून आम्ही रुसलो तेव्हा, ते दोघींतच होतं. ते गेलं.

पुढच्या आठवड्यात लेक आला. त्यानं व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज काढून दाखवलं. सगळ्यात जड ते सगळ्यात वर. लग्नाचे व्हिडिओ, गुड मॉर्निंगची फुलं. शिवाय मी दुसऱ्यांना पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती ‘सेंट’ नावाच्या फोल्डरात वेगळ्याच साठलेल्या. टॅब भरला होता तो मला चांगल्या ओळखीच्या पसाऱ्यानं. अनोळखी फोल्डर बिचारे कोपऱ्यात अंग चोरून होते. आठ जीबी मोकळी झाली, ती माझीच फुलं पुसून.

आता मी डाउनलोडपासून सुरुवात करते, मग व्हिडिओ. जे कळत नाही ते विचारल्याशिवाय हलवत नाही. अॅपांचा कॅशे काढायचा तर सेटिंगमधूनच, हातानं उपसून नाही.

अक्काचे 23 निरोप म्युझिकमध्ये वेगळ्या फोल्डरात ठेवलेत. एक प्रत भाचीकडं, एक लेकाकडं. त्या फोल्डरला आकडा नाही. मराठीत लिहिलंय, अक्का.