तांबडी गार

आमच्या काळ्या रानात गारगोटीला कुणी मोल देत नाही. बांधावर, ओढ्यात, मुरमात, कुठंही सापडते. आजोबांच्या चंचीत मात्र एक जपून ठेवलेली असायची. तिच्यावर पोलादाचा तुकडा हाणायचा, ठिणगी शेवरीच्या कापसावर झेलायची, की चिलीम पेटली. आम्ही पोरं अंधारात दोन गारा घासून त्यांच्या पोटातला उजेड बघायचो.

तीच गार गंजानं माखली की माणसाला चकवते. काळ्या पाषाणात लोखंड असतंच. पाषाण कुजून मुरूम झाला की त्याचा गंज पाण्याबरोबर झिरपतो आणि गारेच्या भेगांत बसतो. मग कुठं काव फासल्यासारखी तांबडी, कुठं हळदीसारखी पिवळी.

मागच्या उन्हाळ्यात भावकीतल्या पोराच्या विहिरीला 40 फुटांवर अशा गारा लागल्या. पाणी नाही, डोक्यावर कर्ज. एक जण येऊन सांगून गेला, ‘सोनं हाय यात. तपासणीचे 20 हजार भरा, पुढचं मी बघतो.’ पोरगं बायकोचं डोरलं मोडायला निघालं.

म्हटलं, "थांब लेका. आधी बाटली आण."

गारेच्या टोकानं काचेवर ओरखडा उठला. चाकूचं पातं गारेवर ओढलं, तर गारेला काही नाही, पात्याचीच काळी रेघ उमटली. चुन्याचे स्फटिक दिसतात असेच, पण चाकूनं ओरखडतात आणि फुटले की सपाट, तिरक्या चिपा पडतात. गार काचेसारखी वाकडीतिकडी फुटते. (फोडताना वर फडकं टाकावं, चिपा डोळ्यात जातात.) फोडली तर आत दुधासारखी पांढरी, पिवळेपणा फक्त भेगांच्या कडेनं.

"ती पिवळी चमक मग?"

त्याच्या हातात सुई दिली. "दाब. सोन्यात सुई रुतते, त्याची भुकटी होत नाही."

त्यानं दाबली. पिवळी भुकटी बोटाला लागली. गंजच तो. सोनं पाण्याच्या 19 पट जड, गार अडीच पटींहून थोडी जास्त. त्याच्या हातातला दगड तर साध्या दगडाच्याच वजनाचा होता.

"मग तात्या, ह्याचं कायच येत न्हाई?"

"सहा पैलूंची, टोकदार, न फुटलेली निघाली तर शोभेच्या दगडांचे व्यापारी घेतात. तुकड्यांना कोण इचारतंय?"

बराच वेळ तो काठावर बसून राहिला. डोरलं घरी गेलं. विहिरीला अजून पाणी नाही.