संगमाकाठचे दूध

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. एरवी एक नदी दुसरीला तिरकी येऊन मिळते. येथे दोघी एकमेकींच्या अंगावर धावून येतात आणि एकरूप होऊन पूर्वेकडे वळतात. म्हणून हा प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, भोवती बाग आहे. आपण सत्तरी ओलांडलेली असेल किंवा सोबत कुणी वडीलधारे असतील, तर ऊन चढण्याआधीच तेथे जावे. पहाटे जाण्याचे आणखी एक कारण आहे. त्याच वेळी या खोऱ्यातील गावोगावी दुधाचा प्रवास सुरू होतो, आणि आपल्या सकाळच्या पेल्याचे मूळ तेथे पाहायला मिळते.

कराडभोवतीच्या कोणत्याही गावात दूध संकलन केंद्र शोधावे लागत नाही. हातात किटली किंवा मोटारसायकलला कॅन लावून निघालेल्या माणसामागे गेले की पुरे. केंद्रावरची लगबग जेमतेम दोन तासांची असते. दुधाचा नमुना यंत्राला लावला जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि उरलेले घनपदार्थ, यांचे आकडे उमटतात, पावती निघते. गायीच्या दुधाचा भाव बहुतेक ठिकाणी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापाशी बांधलेला असतो. त्याखाली आकडा गेला की भाव उतरतो. हे दूध पुढे खोडशीच्या कोयना दूध संघासारख्या सहकारी संघाकडे जाते किंवा खासगी डेअरीकडे. ज्याच्या घरी दोन गायी आहेत, त्याचा किराणा, नातवंडांची फी आणि म्हाताऱ्या आईची औषधे त्या पावतीवर चालतात.

आकड्यावर पैसे मिळू लागले की आकडाच फुगवण्याचा मोहही येतो. तो मोह किती खोल नेऊ शकतो, हे चीनमध्ये २००८ साली जगाने पाहिले. हपै प्रांतातील शिजियाझुआंग शहरातील सानलू ही तेथील अग्रगण्य दूध कंपनी. तिच्या बाळदुधाची भुकटी लक्षावधी घरांत जात असे. प्रथिनांची नेहमीची चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, हे पुरवठादारांनी हेरले होते. दुधात पाणी घालायचे आणि मेलामाइन हे प्लॅस्टिकच्या कामाचे रसायन मिसळायचे. नायट्रोजन वाढला की यंत्राला प्रथिने पुरेशी वाटत. तान्ह्या मुलांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावल्याची अधिकृत नोंद झाली. पालकांच्या तक्रारी आधीच्या वर्षापासूनच येत होत्या. कंपनीच्या वरिष्ठांना ऑगस्टच्या आरंभी सारे कळलेले होते. पण बीजिंग ऑलिंपिक तोंडावर होते, आणि बातमी सप्टेंबरमध्ये फुटली. तपासणीत एकंदर २२ कंपन्यांच्या बाळदुधात मेलामाइन सापडले. वर्षअखेरीस सानलू दिवाळखोरीत गेली, तिच्या अध्यक्षा जन्मठेपेवर गेल्या. इतकी मोठी कंपनी चार महिन्यांत नाहीशी झाली. मला यात सर्वांत भयंकर वाटते ते महिनोन् महिने राखलेले मौन. भेसळ करणारे लोभी होते. गप्प बसणारे तर शिकलेसवरलेले होते.

आता कराडहून कृष्णेबरोबर खाली चलावे. आगगाडीने जायचे असेल तर कराडचे स्थानक ओगलेवाडीला आहे, हे लक्षात ठेवावे. प्रभाकर कंदील ज्यांनी घरात पाहिला आहे त्यांना हे नाव वेगळे सांगायला नको. ताकारी, किर्लोस्करवाडी मागे टाकून गाडी भिलवडीला पोहोचते. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ मध्ये येथे दुधाचा धंदा सुरू केला. बारमाही नदी, तिच्या पाण्यावरची हिरवी वैरण आणि दारातली आगगाडी, असा तिहेरी योग येथे होता. १९५० मध्ये घरातल्या पुढच्या पिढीने पुण्यात दुकान मांडले. त्यापुढची कथा पुणेकरांना तोंडपाठ आहे.

त्याच नदीने ऑगस्ट २०१९ मध्ये भिलवडी आणि पलूस तालुक्याचा काठ पाण्याखाली घेतला. ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे गेली. गोठे बुडाले, रस्ते तुटले, सांगली-कोल्हापूरचे संकलन कोलमडले आणि पुण्या-मुंबईच्या घरांत दुधाची टंचाई झाली. शहरातला पेला किती लांबच्या चिखलाशी बांधलेला आहे, हे त्या आठवड्यात अनेकांना प्रथमच उमगले असेल.

ज्या सहकारावर हे खोरे उभे राहिले, त्याच्या दुग्धशाखेची शोकांतिका मात्र मुंबईत घडली. महाराष्ट्र राज्य सहकारी दूध महासंघ १९६७ मध्ये स्थापन झाला. राज्यातील जिल्हा आणि तालुका संघ हे त्याचे सभासद. १९८३ मध्ये गोरेगावची डेअरी सुरू झाली आणि ‘महानंद’ हे नाव मुंबईच्या दारोदारी पोहोचले. दिवसाला लाखो लिटर दूध हाताळणारी ही संस्था. मग काय बिघडले? १९९१ नंतर खासगी डेअऱ्यांना वाट मोकळी झाली. कोल्हापूरच्या ‘गोकुळ’सारखे सभासद संघ स्वतःच्या नावाने मुंबईत दूध विकू लागले, शेजारून ‘अमूल’ आले. महासंघाकडे येणारे दूध आटले. नोकरवर्ग आणि यंत्रे मात्र तेवढीच राहिली. दूध कमी म्हणून उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून पैसे थकलेले, पैसे थकले म्हणून दूध आणखी कमी. अखेर २०२४ मध्ये व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या हाती गेले. येथे विष नव्हते, मृत्यू नव्हते. पण ज्या संघांनी ही संस्था उभी केली, त्यांनीच आपले दूध तिला देणे थांबवावे, हे मला साध्या तोट्याहून गंभीर वाटते. मिरजेच्या शासकीय दूध योजनेचीही हीच दैना झाली. आपल्यापैकी ज्यांनी मुंबईत ‘आरे’च्या केंद्रावर पहाटे बाटल्यांसाठी रांग लावली आहे, त्यांना अशी उतरण नवी नाही.

मग घरच्या पिशवीवर विश्वास ठेवावा की नाही, असे आपण विचाराल. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. त्यांत थेट भेसळीचे निघाले अवघे १२. भेसळीची जेवढी चर्चा आपण करतो, तिच्या मानाने हा आकडा दिलासा देणारा आहे. काळजीचा आकडा दुसराच होता: ३६८ नमुन्यांत ॲफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेहून अधिक आढळले. ओलसर जागी ठेवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर, सरकीवर, मक्यावर बुरशी धरते. गायीने ते खाल्ले की विष दुधात उतरते. ते यकृताला घातक आहे आणि उकळण्याने जात नाही. चीनच्या मेंगन्यू या कंपनीच्या दुधातही डिसेंबर २०११ मध्ये हेच सापडले होते. तेव्हा रतीबाचे दूध घेत असाल, तर गवळीदादांना पाण्याविषयी छेडण्यापेक्षा पेंड कुठे ठेवता, पावसाळ्यात ती कोरडी राहते का, हे आपुलकीने विचारावे. बहुतेकांना हा प्रश्न कुणी कधी विचारलेलाच नसतो.

वयस्कांसाठी दूध सोडण्याचे कारण यात नाही. गायीच्या १०० मिली दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते आणि प्रौढाची रोजची गरज हजार मिलीग्रॅमच्या आसपास आहे. दोन पेल्यांनी तिचा जवळजवळ निम्मा भाग भरून निघतो. दुधाने पोट फुगत असेल तर दही किंवा ताक बहुधा सोसते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र दुधातील फॉस्फरसमुळे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. पिशवीचे दूध पाश्चराइज केलेले असते, ते तासभर आटवण्याची गरज नाही. आणल्याबरोबर शीतकपाटात जावे, एवढे पाहावे. भिलवडीहून परतताना सुटे दूध किंवा खवा घेण्याचा मोह झाला, तर सोबत बर्फाचा डबा आहे का ते आधी बघा. उन्हाळ्यात सांगली ते पुणे हा प्रवास दुधाला सोसत नाही.