दिसलं, पण लिहिलं नाही

"कंपन्या तुम्हाला किती पैसे देतात हो?" मोटारींची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही विचारला जातो. एक रुपयाही देत नाहीत, हे माझं उत्तर तेव्हाही खरं होतं आणि आजही खरं आहे. पण त्या खऱ्या उत्तराच्या आड मी बरीच वर्षं उभा राहिलो. लाच घेत नाही म्हणजे आपण प्रामाणिक आहोत, असं धरून चाललो. त्या काळात माझ्या हातून जे घडलं ते इथे लिहितो आहे, कारण त्यातली एक चूक एका वाचकाच्या जिवावर बेतली असती.

महागड्या स्पोर्ट्स कारचं परीक्षण कसं होतं ते आधी सांगायला हवं. दहा लाखांची हॅचबॅक बाजारात आली की कंपनी ती काही दिवस माझ्याकडे सोडते. मी ती पुण्याच्या पेठांमधून फिरवतो, सिंहगडाच्या चढावर नेतो, घरच्यांना मागच्या सीटवर बसवून त्यांचं मत विचारतो. तीन-चार कोटींच्या गाडीचं तसं नसतं. विमानाचं तिकीट येतं, स्पेन किंवा पोर्तुगालमधल्या एखाद्या ट्रॅकजवळ हॉटेलात खोली मिळते. सकाळी इंजिनीअर गाडीची माहिती देतात. मग पुढे कंपनीचा ड्रायव्हर आणि मागे आम्ही, अशा ठरावीक फेऱ्या. दुपारी कंपनीनेच निवडलेल्या डोंगररस्त्यावर थोडा वेळ, रात्री जेवण. लेख कोणत्या तारखेला, किती वाजता प्रसिद्ध करायचा हेसुद्धा ठरलेलं असतं. ती वेळ मोडली तर पुढचं बोलावणं येत नाही. तीच गाडी भारतात पुन्हा चालवायला मिळेलच असं नाही. मिळाली तरी मुंबईत तासाभरासाठी, तीही शेजारी डीलरचा माणूस बसलेला.

अशाच एका दौऱ्यातून आल्यावर मी एका गाडीचं पानभर परीक्षण लिहिलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण इथे मला बोलायचं आहे ते माझ्या लेखणीबद्दल. गाडी दोन सीटची, इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी. तिला ट्रॅकसाठी बनवलेले, पण रस्त्यावरही कायद्याने चालणारे टायर लावले होते. हे टायर ऑप्शन म्हणून, जादा पैसे भरून घ्यायचे. त्यांचं रबर मऊ असतं आणि खाचा कमी व उथळ असतात. कोरड्या, तापलेल्या डांबरावर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशात नाही. पण टायरच्या खाचांचं मुख्य काम पाणी बाजूला सारणं. खाच उथळ असली की साचलेलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही, टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही.

त्या दिवशी प्रत्येक फेरीनंतर मेकॅनिक गाडी आत घेत होते. टायर तापले की आतली हवा फुगते, म्हणून दाब तपासून थोडी हवा सोडत होते. जेवणानंतर गाड्यांवर नवे कोरे टायर दिसले. मी तिथल्या एका तरुण इंजिनीअरला विचारलं, हे टायर पावसात कसे चालतात? त्याने काहीही लपवलं नाही. ओल्या रस्त्यावर जपून चालवावं लागतं, साचलेल्या पाण्यात तर फारच, आणि तुमच्या देशात मुसळधार पाऊस पडत असेल तर मी साधे टायर घेईन, असं त्याने स्वच्छ सांगितलं. मी ते वहीत लिहून घेतलं. ते पान अजून माझ्याकडे आहे.

लेखात मात्र मी लिहिलं की ही गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहते. पावसाचं वाक्य लिहिलं नाही. शब्दमर्यादा होती, हे मी स्वतःला दिलेलं पहिलं कारण. लेखाचा सूर उत्साहाचा होता आणि त्यात ते बसत नव्हतं, हे दुसरं. खरं कारण तिसरं होतं. त्याच कंपनीची आणखी एक गाडी काही महिन्यांत येणार होती, आणि कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी तेव्हा तयार होत होती. लेख छापून आला तेव्हा मे महिना संपत आला होता. केरळात मान्सून कधी येणार याच्या बातम्या त्याच अंकात होत्या.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात कोल्हापूरहून फोन आला. फौंड्रीचा व्यवसाय असलेले, पन्नाशीचे गृहस्थ. आयुष्यभर कष्ट करून मनातली गाडी घेतलेली. म्हणाले, "सर, तुमचा लेख मी कापून ठेवला होता. डीलरला तोच दाखवला, म्हटलं ह्यात लिहिलेत तेच टायर द्या." कराडच्या अलीकडे महामार्गाच्या उजव्या लेनमध्ये पाणी साचलं होतं. गाडी फार वेगात नव्हती. ती अर्धी वळली आणि दुभाजकाला घासत थांबली. शेजारी त्यांच्या पत्नी होत्या. दोघांनाही काही लागलं नाही. ते रागावलेले नव्हते, आणि तेच मला सोसवत नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं, "सर, तुम्ही ती पावसात चालवली होती का?"

मी नाही म्हणालो. वहीतल्या त्या ओळीबद्दल तेव्हा बोललो नाही. ते सांगायला मला आणखी बरेच दिवस लागले.

यात मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की मी अजाण नव्हतो. फेब्रुवारी 2011 मध्ये ख्रिस हॅरिस या ब्रिटिश मोटार-पत्रकाराने फेरारीबद्दल एक लेख लिहिला होता. कंपनी चाचणीसाठी वेगवेगळ्या गाड्या देते, एक सरळ रेषेतल्या वेगासाठी आणि दुसरी ट्रॅकवरच्या वळणांसाठी; चाचणी कोणत्या ट्रॅकवर होणार हे तिला आधी कळावं लागतं, म्हणजे तिची माणसं तिथे जाऊन गाडी त्या ट्रॅकला जुळवून घेतात; असे त्याचे आरोप होते. त्यानंतर काही काळ त्याला फेरारीकडून गाड्या मिळाल्या नाहीत. आमच्या वर्तुळात तो लेख सगळ्यांनी वाचला. मी तर तो तरुण सहकाऱ्यांना वाचायला दिला, त्यावर बोललो. आणि नंतर स्वतः पिटमध्ये उभा राहून टायरमधली हवा सोडली जाताना पाहिली, नवे टायर चढताना पाहिले, तेव्हा त्यातलं एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्याच्या धैर्याचं कौतुक करायला काही खर्च येत नाही.

चाचणीची गाडी आणि गिऱ्हाइकाची गाडी यांतलं हे अंतर फार जुनं आहे. अमेरिकेतल्या 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाने मार्च 1964 च्या अंकात पाँटिअॅक जीटीओची तुलना थेट फेरारी जीटीओशी केली आणि पाँटिअॅकचं नाव गाजलं. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या जीटीओत 389 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचं इंजिन होतं. मासिकाला दिलेल्या गाडीत गुपचूप 421 घनइंचांचं, सुमारे 6.9 लिटरचं इंजिन बसवलेलं होतं. पाँटिअॅकच्या जाहिरातींचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी हे कबूल केलं, पण काही दशकांनी. ज्यांनी तो अंक वाचून गाडी घेतली त्यांना ते कळून काय उपयोग?

मी इंजिन बदललं नव्हतं. पण आकड्यांच्या बाबतीत मीही वाचकाला फसवलं. 0 ते 100 किलोमीटर वेग किती सेकंदांत, हा आकडा स्पोर्ट्स कारच्या वाचकाला सगळ्यात आधी हवा असतो. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसच्या रिवाजाप्रमाणे गाडी साधारण एक फूट पुढे सरकल्यावर घड्याळ सुरू करतात. त्याने दोन-तीन दशांश सेकंद वाचतात, आणि या गाड्यांच्या स्पर्धेत दोन दशांशांना फार मोल आहे. म्हणजे आकडा कुणी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने मोजला हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मी कंपनीच्या पत्रकातला आकडा उचलून, त्याआधी "आमच्या अनुभवात" असे दोन शब्द घालून छापत आलो. माझ्याकडे मोजायचं उपकरणही नव्हतं. हे मी एकदा नाही, कैक वर्षं केलं.

दुसऱ्याची मतंही मी अशीच उचलली. 2011 मध्ये मॅकलारेनची एमपी4-12सी आली. तिची तुलना फेरारी 458 इटालियाशी झाली, आणि अनेक ब्रिटिश परीक्षकांनी लिहिलं की गाडी अतिशय वेगवान आहे, पण मनाला भिडत नाही. पुढे मॅकलारेनने तिची शक्ती वाढवली आणि इंजिनाचा आवाज केबिनमध्ये अधिक ऐकू येईल अशी सोयही केली. मी तेव्हा या दोन्हींपैकी एकही गाडी चालवली नव्हती. तरी वर्षअखेरच्या लेखात मी त्या इंग्रज गाडीला थंड म्हणून टाकलं, जणू रात्रभर तिच्यासोबत प्रवास केला होता. लहानपणापासून भिंतीवर लाल गाडीचं चित्र लावलेलं असलं की तिच्या बाजूने मन आधीच झुकलेलं असतं. ते झुकणं वाचकाला सांगितलं तर त्यात गैर नाही. मी ते निरीक्षण म्हणून छापलं, ही चूक.

संपादकांनी किंवा जाहिरात विभागाने कधी दबाव आणला का, असंही विचारतात. उघड कधीच नाही. जाहिरात विभागातला एक मित्र चहा पिताना सहज म्हणायचा, "पुढच्या महिन्यात ते पहिलं पान घेतायत." एवढंच. लॉस एंजेलिस टाइम्सच्या डॅन नील यांनी 2005 मध्ये पाँटिअॅक जी6 या गाडीवर आणि जनरल मोटर्सच्या नेतृत्वावर कठोर टीका केली, तेव्हा कंपनीने त्या दैनिकातल्या जाहिराती काढून घेतल्या होत्या. त्यांना आदल्याच वर्षी समीक्षेसाठी पुलित्झर मिळालं होतं. एवढ्या मोठ्या दैनिकाला आणि एवढ्या मोठ्या लेखकाला हे सोसावं लागलं, मग आपण कोण, असं म्हणून मी गप्प बसलो. त्या उदाहरणातून मी भित्रेपणा तेवढा घेतला. नील यांनी लिहिलं होतं, हे सोयीने विसरलो.

गाडी स्वतःच्या पैशाने विकत घेतली की सगळं सुटतं, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतली 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही संस्था जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या ओळख न सांगता दुकानातून विकत घेते. 2015 च्या ऑगस्टमध्ये तिच्या चाचणीत टेस्ला मॉडेल एसच्या पी85डी या आवृत्तीला 100 पैकी 103 गुण पडले, इतकी ती गाडी परीक्षकांना भावली. ऑक्टोबरमध्ये संस्थेने त्या गाडीची शिफारस काढून घेतली, कारण सुमारे 1,400 मालकांनी कळवलेल्या बिघाडांवरून तिची विश्वासार्हता कमी ठरली. चाचणी प्रामाणिक होती, पण थोड्या दिवसांची होती. 2014 मध्ये पोर्शला नव्या 911 जीटी3 च्या 785 गाड्यांची इंजिनं बदलावी लागली. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन इंजिनाला आग लागल्याचे प्रकार घडले होते. त्याआधी याच गाडीवर जगभर स्तुतीचा वर्षाव झाला होता. अर्ध्या दिवसात असा दोष कुणाला दिसणार नाही, आणि त्याबद्दल कुणा परीक्षकाला मी दोष देत नाही. पण अर्ध्या दिवसाच्या ओळखीवर मी कित्येक गाड्यांना "भरवशाची" म्हटलं आहे. तो शब्द वापरायचा मला अधिकार नव्हता.

कोल्हापूरच्या त्या गृहस्थांना शेवटी मी भेटायला गेलो आणि वही दाखवली. त्यांनी ते पान वाचलं, वही मिटून परत दिली आणि म्हणाले, "हे छापा." मग संपादकांशी बोलून दुरुस्ती छापली. टायरचं नाव, त्याची मर्यादा, इंजिनीअरने सांगितलेलं सगळं, आणि तो दौरा कंपनीच्या खर्चाने झाला होता हेसुद्धा. त्या कंपनीचं आमंत्रण त्यानंतर आलं नाही. त्याचा आणि दुरुस्तीचा संबंध होताच, असं मी म्हणू शकत नाही. वाईट मात्र वाटलं, आणि तेही लिहून ठेवायला हवं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या आधारे जून 2022 मध्ये केंद्र सरकारने फसव्या जाहिराती आणि शिफारशींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी जानेवारी 2023 मध्ये त्यांचा खुलासा आला, त्यात प्रवास आणि हॉटेलातला मुक्काम हेही उघड करायचे लाभ म्हणून मोजले आहेत. दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा चूक केल्यास 50 लाखांपर्यंत. छापील परीक्षणाच्या खाली दोन ओळींत हे सांगायला आम्हाला सरकारची वाट पाहायची गरज नव्हती. आता मी ते सांगतो. गाडीवर कोणते टायर, कोणते ब्रेक, जादा घेतलेल्या गोष्टींची किंमत किती, तेही देतो. जे मोजलं नाही ते मोजलं नाही म्हणून लिहितो. लेख कोरडे झाले, अशी तक्रार काही वाचक करतात. ती मला मान्य आहे.

माझ्या नावाचं एखादं जुनं परीक्षण तुम्ही कापून ठेवलं असेल आणि त्याच्या भरवशावर एवढी मोठी रक्कम घालणार असाल, तर कृपा करून थांबा. ज्याने ती गाडी स्वतःच्या पैशाने घेऊन आपल्या रस्त्यांवर निदान दोन पावसाळे चालवली आहे, अशा माणसाला शोधा आणि आधी त्याच्याशी बोला.